आधी ताळा, मग चिप

लॅपटॉपचं बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. पडदा काळाच राहतो. गिऱ्हाईक सांगतं, "काय नाही ओ, नुसतं अपडेट टाकलं होतं, तेवढ्यात लाईट गेली." बॅटरी कधीच संपलेली असते, लॅपटॉप नुसत्या ॲडॅप्टरवर चाललेला असतो आणि नेमकं बायोसचं अपडेट अर्ध्यावर असताना वीज जाते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला ही तक्रार पाठ आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मशीनशेजारचा जुना पीसी असाच बंद पडतो, तेव्हा कारखान्याची एक पाळी वाया जाते.

उपाय बहुतेकांना ठाऊक असतो. मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी चिप असते, तिच्यात बायोस असतो. प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाची क्लिप त्या चिपवर लावायची, चांगली फाईल चढवायची. प्रोग्रॅमर चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि रीत व्हिडिओ बघून शिकता येते. तरीही बोर्ड कायमचे जातात. याचं कारण मला एकच दिसतं. फाईल बरोबर आहे का आणि चिपशी आपलं बोलणं नीट चाललंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकत्र करतो आणि दोन्हींची उत्तरं मिळण्याआधीच 'राईट'चं बटण दाबतो. उद्यमनगरातला जुना कारागीर जॉब हातात आला की आधी व्हर्निअर लावतो, मगच मशीन चालू करतो. चिपच्या कामातही मापाशिवाय हत्यार चालवायचं नाही.

फाईलपासून सुरुवात करू. बायोस, ड्रायव्हर, प्रोग्रॅमरचं सॉफ्टवेअर, लिनक्सची आयएसओ, काहीही असो, ते मूळ कंपनीच्या किंवा मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचं. शोधयंत्रात सगळ्यात वर दिसतो तो दुवा अनेकदा जाहिरात असतो, मूळ ठिकाण नसतं. बायोससाठी लॅपटॉपच्या मागच्या लेबलवरचं मॉडेल पुरत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे बोर्ड येतात, म्हणून मदरबोर्डवर छापलेला बोर्ड क्रमांक आणि त्याची आवृत्ती लिहून घ्या.

फाईल उतरली की तिचा ताळा घ्यायचा. फाईल कितीही मोठी असो, शा-२५६ ही पद्धत तिच्यातून ६४ अक्षरांची एक ओळ काढते. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. विंडोजमध्ये यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि सर्टयूटिल ही आज्ञा द्या. इंग्रजीत सी, ई, आर, टी, यू, टी, आय, एल अशी तिची आठ अक्षरं. पुढे उणे चिन्ह लावून हॅशफाईल हा पर्याय, मग फाईलचं नाव आणि शेवटी शा२५६. सेव्हन-झिप बसवलेलं असेल तर फाईलवर उजवं बटण दाबूनही हा आकडा मिळतो. लिनक्समध्ये शा२५६सम ही आज्ञा असतेच. आलेली ओळ संकेतस्थळावर दिलेल्या ओळीशी पूर्ण जुळवा. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं बघून समाधान मानू नका. दोन्ही ओळी नोटपॅडमध्ये एकाखाली एक चिकटवल्या की फरक लगेच दिसतो.

काही ठिकाणी अजून ३२ अक्षरांचा एमडी-५ किंवा ४० अक्षरांचा शा-१ दिलेला असतो. उतरताना फाईल तुटली का, हे त्यावरून कळतं. पण जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीपुढे त्यांच्यावर विसंबता येत नाही. एकच एमडी-५ असलेल्या दोन वेगळ्या फायली बनवता येतात, हे २००४ मध्ये वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. शा-१ चं तेच २३ फेब्रुवारी २०१७ रोजी गुगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने सिद्ध केलं.

ताळा कुठे छापलेला आहे, हेही बघावं लागतं. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीचं संकेतस्थळ फोडून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला. मिंट १७.३ ची सिनॅमन आवृत्ती उतरवणाऱ्यांच्या हाती चोरदरवाजा बसवलेली आयएसओ पडली. ताळा न बघता ती बसवणाऱ्यांना काहीच कळण्याची सोय नव्हती, कारण मिंट दिसायला आणि चालायला नेहमीसारखीच होती. ज्याला पानावरचा दुवा बदलता येतो, त्याला शेजारी छापलेली ६४ अक्षरंही बदलता येतात. म्हणून फाईल एका ठिकाणाहून घेतली तर ताळा शक्यतो दुसरीकडे बघावा, आणि प्रकल्पाने जीपीजी सही दिली असेल तर ती तपासावी. सहीची किल्ली एकदा खात्रीने मिळवून ठेवली की पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती उपयोगी पडते. विंडोजच्या सही केलेल्या प्रोग्रॅममध्ये गुणधर्मांच्या खिडकीत डिजिटल सह्यांचा वेगळा टॅब असतो. सही कुणाच्या नावाची आहे आणि ती वैध आहे का, हे तिथे दिसतं.

सहीलाही मर्यादा आहे. असूसच्या लाइव्ह अपडेट या साधनातून २०१८ मध्ये काही महिने विषारी फाईल वाटली गेली आणि तिच्यावर असूसचीच खरी सही होती. हल्लेखोर कंपनीच्या यंत्रणेत शिरले होते. मार्च २०१९ मध्ये कॅस्परस्कीने हे उघड केलं आणि 'शॅडोहॅमर' या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. फाईल कुणाकडून आली एवढंच सही सांगते. माझा सल्ला असा, की चालत्या लॅपटॉपवर बायोस अपडेट निव्वळ 'नवीन आलंय' म्हणून टाकू नका. सुरक्षेची दुरुस्ती असेल किंवा तुम्हाला येणारी अडचण त्यात सुटत असेल, तरच टाका.

आता दुरुस्तीवाल्यांसाठी सगळ्यात कळीची गोष्ट. चिप फ्लॅश करायला जे सॉफ्टवेअर आपण वापरतो तेच बहुतेक वेळा सगळ्यात संशयास्पद असतं. कुणीतरी ग्रुपवर टाकलेली झिप फाईल, सोबत 'अँटीव्हायरस बंद करून चालवा' अशी सूचना, आणि ती चालते त्याच पीसीवर ज्यावर दुकानाची बिलं, बँकेचं खातं आणि गिऱ्हाइकांचे फोटो असतात. ही सवय सोडा. लिनक्सवर फ्लॅशरॉम हा मुक्त प्रोग्रॅम आहे, खिडक्यांचा चेहरा हवा असेल तर आयएमएसप्रोग आहे, विंडोजवर ॲसप्रोग्रॅमर आहे. तिन्हींचाही सोर्स कोड खुला आहे. एक जुना पीसी फक्त फ्लॅशिंगसाठी वेगळा ठेवा आणि त्याला इंटरनेट देऊ नका. फाईल दुसऱ्या संगणकावर तपासून पेनड्राईव्हने इकडे आणा. इकडे आणल्यावर पेनड्राईव्ह एकदा काढून परत लावा आणि ताळा पुन्हा घ्या. ६४ जीबी लिहिलेला पण आत खूप कमी जागा असलेला बनावट पेनड्राईव्ह बाजारात सर्रास मिळतो. त्यावर कॉपी 'यशस्वी' होते, पण आतला मजकूर कचरा झालेला असतो.

ताळा जुळला म्हणजे फाईल चिपवर चढवायला योग्य, असंही नाही. बरेच बोर्ड इथेच जातात. फाईल कंपनीकडून निघाली तशीच पोहोचली, एवढंच ताळा सांगतो. कंपनी जे अपडेट देते ते लॅपटॉप चालू असताना टाकण्यासाठी बनवलेलं असतं. त्याला कधी वेगळं वेष्टण असतं, कधी त्यात बायोसचाच भाग असतो आणि इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा भाग नसतो. आधी आकार बघा. ६४ मेगाबिटची चिप म्हणजे ८ मेगाबाइट, म्हणजे नेमके ८३,८८,६०८ बाइट. १२८ मेगाबिटची म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. असूसची कॅप प्रकारची फाईल २०४८ बाइटने मोठी निघाली तर पुढे वेष्टण आहे, ते यूईएफआयटूलने काढावं लागतं. चिपपेक्षा लहान फाईल तशीच पहिल्या पत्त्यापासून चढवली तर ती चुकीच्या जागी बसते.

यावरचा खरा आधार म्हणजे त्याच बोर्डाचा स्वतःचा डंप, म्हणजे चिपमधून वाचून काढलेली प्रत. चिपमध्ये काहीही लिहिण्याआधी ती वाचून ठेवायचीच, बायोस बिघडलेला असला तरी. त्या डंपमध्ये लॅपटॉपचा अनुक्रमांक असतो, अनेक बोर्डांत नेटवर्कचा मॅक पत्ता असतो, कंपनीकडून आलेल्या विंडोजची किल्ली असते. दुसऱ्या लॅपटॉपचा डंप जसाच्या तसा चढवला तर गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपला कुणा अनोळखी माणसाची ओळख चिकटते. मोबाइलमध्ये तर हा थेट कायद्याचा प्रश्न होतो. फ्लॅशिंगनंतर आयएमईआय गेला म्हणून दुसरा टाकून देणं हा दूरसंचार कायदा २०२३ नुसार गुन्हा आहे. तसं काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका.

डंप दोनदा घ्या, मध्ये क्लिप काढून पुन्हा लावा आणि दोन्ही फायलींचा शा-२५६ काढा. ओळी जुळल्या नाहीत तर लिहायचा विषयच नाही, आधी जोडणी सुधारायची. जुळल्या तरी फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडून बघा. जोडणीच नसताना दोन्ही वेळा सगळीकडे 'एफएफ' वाचलं गेलं, तर दोन्ही ताळे अगदी छान जुळतात. खऱ्या डंपमध्ये कुठेतरी कंपनीचं नाव, मॉडेल, तारीख अशी वाचता येणारी अक्षरं सापडतात. ती दिसली की त्या फाईलला जॉबकार्डाचा क्रमांक द्या आणि दोन ठिकाणी ठेवा.

आता चिप दाद देत नाही तेव्हा काय करायचं ते बघू. यावर वेळ घालवायला हरकत नाही, कारण निम्म्याहून जास्त डोकेदुखी इथेच असते.

प्रोग्रॅमरने चिपची ओळख विचारली की चिप तीन बाइट परत देते. 'ईएफ ४० १७' आलं तर ती विनबाँडची ६४ मेगाबिट, 'सी८ ४० १७' म्हणजे गिगाडिव्हाइस, 'सी२ २० १७' म्हणजे मॅक्रॉनिक्स. शेवटचा '१७' क्षमता सांगतो, १२८ मेगाबिटला तो '१८' होतो. तिन्ही 'एफएफ' किंवा तिन्ही शून्य आले तर चिप बोलतच नाहीये. दर वेळी वेगळं उत्तर आलं तर ती बोलतेय पण आपल्याला नीट ऐकू येत नाही. प्रोग्रॅमच्या यादीतून अंदाजाने दुसरी चिप निवडून पुढे जाऊ नका.

सगळ्यात आधी चार्जर काढा, बॅटरीची वायर काढा, गोल सेलही काढा. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय, क्लिपची लाल तार तिथे यायला हवी. क्लिपचे दात पायांवर बसलेत का ते भिंगातून बघा. काही लॅपटॉपमध्ये चिपला बाहेर आलेले पायच नसतात, कडा बोर्डाला सपाट चिकटलेल्या असतात. तिथे ही क्लिप धरणारच नाही, ताकद लावून उपयोग नाही.

मग चिपवरचा क्रमांक पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरांसकट. विनबाँडच्या २५क्यू६४ या मालिकेत शेवटी जेव्ही असेल तर ती २.७ ते ३.६ व्होल्टची, जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. १.८ च्या चिपला ३.३ दिले की ती मरू शकते. त्यासाठी वेगळा व्होल्टेज ॲडॅप्टर मिळतो, तो आधी लावा. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर पुरवठा ३.३ व्होल्टचा देतो, पण त्याच्या अनेक बोर्डांवर सिग्नलच्या तारा ५ व्होल्टवर असतात. नवा प्रोग्रॅमर आणला की पहिल्याच दिवशी चिप न लावता मल्टीमीटरने हे तपासा. ५ निघाले तर तो बदला.

क्लिप बरोबर, व्होल्टेज बरोबर, तरी चिप सापडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा बोर्डच वीज खात असतो. चिपच्या आठव्या पायाची पुरवठा लाइन बोर्डावरच्या दुसऱ्या भागांशी जोडलेली असते आणि बिचारा प्रोग्रॅमर त्या सगळ्यांना पोसू शकत नाही. क्लिप लावलेली असताना चौथ्या आणि आठव्या पायात व्होल्टेज मोजा. ३.३ च्या चिपवर ते २.७ च्या खाली घसरलं तर वाद न घालता हॉट एअरने चिप काढा, आजूबाजूला कॅप्टॉन टेप लावा आणि सॉकेटमध्ये ठेवून वाचा. प्रोग्रॅमर पीसीच्या मागच्या यूएसबीला थेट लावा, लांब एक्स्टेन्शन नको. क्लिपची तार जितकी आखूड तितकं वाचन स्वच्छ.

वाचन स्वच्छ झालं तरी पुसण्यात किंवा लिहिण्यात अडचण येते. फ्लॅश चिपमध्ये लिहिताना एकाचं शून्य करता येतं, शून्याचं एक करायला पूर्ण भाग पुसावाच लागतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: पुसा, रिकामी झाली का तपासा, लिहा, परत वाचून जुळवा. पुसलंच जात नसेल तर चिपच्या स्टेटस रजिस्टरमध्ये संरक्षण लागलेलं असेल किंवा तिसरा पाय बोर्डाने खाली ओढून ठेवला असेल. सातवा पाय खाली असेल तर चिप मध्येच थांबते. जुळवणीत चूक आली तर ती कोणत्या पत्त्यावर आली ते लिहून ठेवा आणि पुन्हा करा. दर वेळी वेगळा पत्ता आला तर दोष जोडणीत किंवा पुरवठ्यात आहे. दर वेळी तोच पत्ता आला तर चिप खराब आहे, तेवढ्याच क्षमतेची आणि व्होल्टेजची नवी बसवा. या एका नोंदीने तासन्‌तास वाचतात.

लिहून, जुळवून झाल्यावर लॅपटॉपचा पडदा लगेच उजळला नाही तरी घाबरून परत क्लिप लावू नका. नव्या बायोसनंतर पहिल्यांदा मेमरीची जुळणी होते, मशीन एक-दोनदा आपणहून बंद-चालू होतं. काही मिनिटं थांबा.

कोल्हापूरला आणखी एक गोष्ट सांगावीच लागते, ती पाण्याची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, दुकानं आणि कारखाने बुडाले. पुरात भिजलेला बोर्ड आला की 'चालू होतो का बघू' म्हणून पॉवर देऊ नका. बॅटरी काढा, गाळ धुऊन काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने चिपचे पाय स्वच्छ करा, पूर्ण वाळू द्या आणि मगच डंप घ्या. पायांवरचा हिरवा-पांढरा थर क्लिपला चिपपर्यंत पोहोचू देत नाही. पुरातल्या बोर्डांत दोन डंप जुळत नाहीत, ते बऱ्याचदा याच थरामुळे.

वसाहतीतल्या मालकांना एक विनंती. मशीनशेजारच्या पीसीची, कंट्रोलरच्या पॅरामीटरची आणि प्रोग्रॅमची प्रत अजून घेतलेली नसेल तर यंदा पावसाआधी घ्या. अनेक सीएनसी कंट्रोलरमध्ये पॅरामीटर एका छोट्या बॅटरीच्या जिवावर टिकून असतात. मशीन बंद असताना ती बॅटरी संपली किंवा कुणी बंद मशीनमध्येच बदलली, तर पॅरामीटर पुसले जातात. मशीनच्या पुस्तिकेत बदलण्याची रीत बघा. बहुतेक ठिकाणी ती कंट्रोलर चालू ठेवून बदलायची असते. घेतलेल्या प्रत्येक प्रतीचा शा-२५६ कागदावर लिहा. प्रत आणि कागद पाणी पोहोचणार नाही अशा मजल्यावर ठेवा.

आणि एखाद्या खोट्या डाउनलोडमुळे खात्यातले पैसे गेले, तर चिप, फाईल सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली तरच बँकेला ते अडवता येतात.